कडीवरचा टॉवेल

धम्मरत्नला दोन आवाज आहेत, हे त्याच्या आधी त्याच्या आईच्या लक्षात आलं.

पहिला आवाज सकाळी हेडफोन डोक्यावर चढला की लागे. जरा खालच्या पट्टीतला, कडा घासून गुळगुळीत केलेला, 'मी आपली काय मदत करू शकतो' असं विचारणारा. त्यात धाडचा, त्याच्या गावचा, कणही नसे. दुसरा आवाज संध्याकाळी हेडफोन खुंटीला अडकवल्यावर उरे. 'हं.' 'नको.' 'ठेव तिथं.' 'मंग जेवतो.' विमलबाई मधल्या दाराच्या चौकटीला धरून उभी राही आणि आटलेल्या विहिरीत बादली वाजल्यावर बाई जशी वाकून बघते, तशी मुलाकडे बघे.

"त्या पुण्याच्या बाईले दुपारी किती गोड बोलत होता बा तू," एकदा ती म्हणाली. "काळजी करू नका, मी आहे. अन् मले सांजपासून दोन शबुद नाई बोलला."

"थकलो माय."

"बोलून बोलून थकला. म्हंजे चांगलं चांगलं तिकडं, अन् गाळ माह्या ताटात."

धम्मरत्नला हसू आलं. पण हसायचं तर तोंड उघडावं लागतं, म्हणून त्यानं नुसती मान हलवली.

गाळ हा शब्द त्या घरात चांगलाच रुळला होता. पिण्याचं पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचे फोन धम्मरत्न घेत असे. पुण्यातले, ठाण्यातले लोक दिवसभर त्याच्या कानात पाण्यावरून चिडत. यंत्र गळतंय, थेंबथेंब येतंय, वास येतोय, मेकॅनिक येतो म्हणाला आणि आला नाही. धम्मरत्न ते सगळं ऐकून घेई, माफी मागे, तक्रार नोंदवी आणि पुढचा फोन घेई. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र नळ आला की भरून ठेवायचं आणि माठाच्या तोंडाला फडकं बांधून गाळून प्यायचं, अशीच रीत होती. सुरुवातीला त्याला याची गंमत वाटायची. मग ते दिवस मागे पडले. माणसाला गंमत वाटायलाही थोडी शक्ती शिल्लक लागते.

पूर्वी तो हेच काम पुण्यात करायचा, काचेच्या इमारतीत, शेदोनशे माणसांच्या गलक्यात. लग्न एकदा जमता जमता राहिलं होतं, त्यानंतर त्यानं तो विषय कुणाला काढू दिला नाही. मग विमलबाईला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय अर्धे तिचे राहिले, अर्धे कुणाचे झाले कोण जाणे. त्यानं तिला महिनाभर पुण्याला नेऊन पाहिलं. चौथ्या मजल्यावर ती दाराला पाठ लावून बसायची. "दारासमोर दार हाय," ती म्हणाली, "पन मानूस नाई." आणि एक दिवस तिनं आपली पिशवी भरून ठेवली. धाकटी बहीण मंजुश्री रोहिणखेडला दिलेली. तिच्यामागे सासू, शेत, दोन लेकरं. ती काही धाडला येऊन राहू शकत नव्हती. शेवटी कंपनीनं धम्मरत्नला घरून काम करायची परवानगी दिली, आणि कंपनीचा काळा संगणक एस.टी.च्या सीटवर मांडीत धरून तो गावी आला.

परवानगीला एक अट होती. ग्राहकाला घर ऐकू येता कामा नये. कुठलेही फोन पुण्यात बसून पुन्हा ऐकले जात. मागं घरातला आवाज सापडला की शेरा. तिसरा शेरा पडला की परवानगी रद्द आणि माणूस परत पुण्यात.

आणि दोन पडून गेले होते.

पहिला पडला रंगरावमुळे. रंगराव शेजारचा, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. सारा जन्म इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलल्यामुळे त्याला हळू बोलणं म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. धडधाकट माणूस दिवसाढवळ्या घरात बसलेला पाहून त्याला राहवत नसे. एका सकाळी तो दारात येऊन ओरडला, "काय साहेब, सुट्टी खतम नाई झाली का अजून? का काढून टाकलं?" ते ठाण्याच्या एका गृहस्थांनी स्पष्ट ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाला काढून टाकलंय का?"

दुसरा शेरा नळाचा. नळ आला की गल्लीत जे व्हायचं ते झालं. "नळ आले वं!" अशी एक आरोळी, तिच्यामागून दहा, मग घागरींचा, ड्रमांचा, भांडणांचा पूर. धम्मरत्न त्यावेळी एका बाईंना सांगत होता की आपल्या पाण्याची तक्रार आम्ही अत्यंत गंभीरपणे घेतो.

शुक्रवारी कंपनीची पडद्यावरची बैठक असे. त्या शुक्रवारी त्यांची टीम लीडर मनाली हिनं घरून काम करणाऱ्यांना शांत कसं राहावं आणि काम जास्त कसं काढावं, यावर अर्धा तास सांगितलं. मनाली वाईट मुलगी नव्हती. ती हसून बोलायची, आणि तिच्या मागची भिंत नेहमी पांढरी असायची. कामाची जागा ठरवून घ्या, ती म्हणाली. धम्मरत्नकडे एकच जागा होती, पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली. टेबलावर एक छोटं रोप ठेवा, ती म्हणाली. त्यानं डब्यात कोरफड लावून उंबऱ्यावर उन्हाला ठेवली. ती दुसऱ्याच दिवशी रंगरावच्या शेळीनं चाखून पाहिली आणि मुळासकट उपटून टाकली. दोन फोनांच्या मध्ये डोळे मिटून सावकाश श्वास घ्या. दोन फोनांच्या मध्ये तेवढी जागाच नसे.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मनाली म्हणाली, "दार लावून घ्या. घरच्यांना कळू दे की आता तुम्ही ऑफिसात आहात."

हे करण्यासारखं होतं. सोमवारी धम्मरत्ननं पुढचं दार लावून आतून कडी घातली.

त्या वस्तीत दिवसा दार लागत नाही. घरात कुणी नसेल तर कुलूप असतं, आणि माणूस असेल तर दार उघडं असतं. उन्हाळ्यात फार तर एखादी साडी आडवी बांधतात. दिवसा, आत माणसं असताना, बंद दार म्हणजे आत काहीतरी असं घडलंय की ते उघड्यावर सांगता येत नाही. जयमालानं पहिल्यांदा पाहिलं. ती विमलबाईची जन्माची मैत्रीण. रोज सकाळी चाळण नाही तर विरजण मागायच्या निमित्तानं येऊन तासभर बसणारी. तिनं दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "विमलबाई! काय झालं वं? कोन गेलं?"

विमलबाईनं आतून काठी टेकत येऊन कडी काढेपर्यंत गल्लीत बातमी फिरली होती. दार उघडलं तेव्हा समोर चार-पाच बाया उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं रंगराव, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून, मयतीला निघतात तसा. विमलबाईला जिवंत उभी पाहून तो काहीसा खजील झाला.

"तू हायस का?" तो म्हणाला.

"हावो, हाय. तुम्हाले लय घाई झाली होती का?"

बाया हसल्या. आत धम्मरत्ननं माईकवर हाताची मूठ घट्ट दाबून धरली होती आणि कपाळ टेबलावर टेकलं होतं. नशिबानं त्यावेळी लाइनवर कुणी नव्हतं.

संध्याकाळी विमलबाईनं रंगरावला आणि जयमालाला ओट्यावर बोलावून सगळं समजावून सांगितलं. शेरा म्हणजे काय, तिसरा पडला तर काय. पोरगं पुण्याला गेलं तर मी या घरात एकटी राहणार, असं ती सरळ म्हणाली नाही, ती म्हणाली, "मंग मले पानी कोन देईन?" रंगराव बराच वेळ आपल्या मांडीवरच्या टॉवेलाच्या घड्या घालत बसला. मग त्याला सुचलं.

"हे पाहा विमलबाई. गाडी फलाटाले लागली की मानूस खिडकीतून काय टाकते सीटवर?"

"टावेल."

"मंग त्या सीटवर कोनी बसते का? नाई बसत. लोकं उभ्यानं बुलढान्यापावतर जातीन, एकमेकाची कॉलर धरतीन, पन टावेल उचलनार नाईत. माह्या साऱ्या नोकरीत मी नाई पाह्यला टावेल उचलनारा मानूस." तो उठला, दार ओढून घेतलं आणि टॉवेल बाहेरच्या कडीला अडकवला. "हे घ्या. सीट रिझर्व. टावेल हाय तथपर्यंत पोरगं पुन्याले हाय असं समजा."

आणि ते लागू पडलं. कंपनीच्या अटीनं जे साधलं नव्हतं, ते टॉवेलानं साधलं. गल्लीतल्या प्रत्येकाला ते न सांगता कळलं, कारण प्रत्येकानं कधी ना कधी खिडकीतून टॉवेल टाकला होता. लाल काठाचा तो टॉवेल सकाळी कडीवर चढला की बाया त्या दारापुढून जाताना बोलणं तोडत आणि पुढं जाऊन जोडत. नळ आला की आरोळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून उठे आणि धम्मरत्नच्या घराजवळ येईतो नुसती कुजबुज होई. रंगराव स्वतः ओट्यावर बसून राखण करी. फेरीवाला भोंगा लावून आला की तो तोंडानं न बोलता दोन्ही हात हलवून त्याला थांबवी; आणि आवाज न करता चिडलेला रंगराव पाहणं ही गल्लीला एक नवीनच करमणूक झाली. शेळी खुंट्याला गेली.

घरात शांतता उतरली. चैत्र संपत आला होता. पंखा खरखरायचा म्हणून धम्मरत्न शिफ्टभर तो बंद ठेवी. बंद खोलीत पत्रे तापत, हेडफोनच्या गाद्या कानांना घामानं चिकटत, आणि त्या सगळ्याच्या मधोमध त्याचा तो गुळगुळीत आवाज एखाद्या थंड फरशीसारखा पसरलेला असे. काम जास्त निघू लागलं. शेरे थांबले. मनालीनं त्याला मेसेज पाठवला, 'छान चाललंय, असंच ठेव.' त्याला बरं वाटायला हवं होतं. पण संध्याकाळी कडी काढून टॉवेल खाली घेताना त्याला वाटे, आपण दिवसभर एक जड दार दोन्ही हातांनी लोटून धरलं होतं, आणि आता हात सोडले तरी ते तसेच लोटलेल्या स्थितीत राहिलेत.

विमलबाईनंही आपल्या परीनं शांतता वाढवत नेली. पाट्यावरचं वाटण तिनं शिफ्टच्या आधी उरकायला सुरुवात केली. ताटं एकावर एक ठेवायची सोडून भिंतीशी ओळीनं मांडली. खोकला आला की पदराचा बोळा तोंडात धरी. तिच्या काठीचं टोक फरशीवर टकटक वाजे. तिनं जुन्या लुगड्याची चिंधी त्याला गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. तेव्हापासून ती घरात कशी फिरते ते कळेनासं झालं. धम्मरत्ननं ती चिंधी पाहिली होती. जेवताना त्याची नजर तिच्यावर गेली होती, आणि तो म्हणाला होता, "बरं केलं."

जयमाला येईनाशी झाली. आली तरी टॉवेल पाहून उंबऱ्यापासून मागं फिरे. आणि टॉवेल तर दिवसभर असे. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना टोमणे मारणारी विमलबाई आता आतल्या खोलीत मधल्या दाराला टेकून बसे आणि पलीकडून येणारा मुलाचा आवाज ऐके. कुठल्या कुठल्या बायांना तो आजी म्हणे, मावशी म्हणे. ती त्या बायांची मनातल्या मनात चित्रं काढी.

त्या दिवशी लाइनवर पुण्याच्या एक आजी होत्या. आवाज म्हातारा, घाबरलेला. यंत्राची नळी निसटली होती आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं होतं. मुलगा परदेशी, घरात दुसरं कुणी नाही. वाकता येत नाही, नळ कुठं बंद करायचा ते सापडत नाही.

"आजी, आधी तुम्ही ओल्या फरशीवरून बाजूला व्हा," धम्मरत्न म्हणाला. "घाई करू नका. भिंतीला धरा. मी फोन ठेवत नाही, मी इथंच आहे."

"तुम्ही ठेवणार नाही ना?"

"नाही आजी. तुम्ही सावकाश चाला. घसराल."

तेवढ्यात आत काहीतरी वाजलं. एखादं भांडं टेकल्यासारखं, एकदाच. धम्मरत्ननं माईकवर मूठ धरली आणि मान वळवली. मधलं दार बंद होतं. त्यानं पुढच्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. मांजर असेल, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि त्याला हलकं वाटलं, कारण पुण्याला ते ऐकू गेलं नसावं. त्यानं मूठ काढली. "हां आजी. आता ओट्याच्या खाली बघा, एक निळी चावी दिसेल."

आजींना चावी सापडली. पाणी थांबलं. आजी रडू लागल्या. तो त्यांचं रडणं संपेपर्यंत थांबला. मेकॅनिकची वेळ ठरवून दिली. मग पुढचा फोन आला, आणि त्याच्या पुढचा.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं मधलं दार उघडलं. चूल थंड होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या न्हाणीत विमलबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. लुगडं ओलं होऊन अंगावरच सुकत आलं होतं. उजवा हात मांडीवर भलत्याच कोनात पडला होता. काठी दूर गेलेली. तिच्या टोकाची चिंधी पाणी पिऊन फुगली होती. डाव्या हातात तिनं पितळी गिलास छातीशी धरला होता. न्हाणीला उतार आहे. सोडला असता तर तो गडगडत गेला असता.

तिनं वर पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला होता.

"झाला का फोन?" तिनं विचारलं. अगदी हळू.

"माय! हाक काऊन नाई मारली?"

"तुह्यं चालू होतं ना."

तो गुडघ्यावर बसला. त्याला गिलास तिच्या हातातून घ्यायचा होता, पण बोटं आखडली होती. एकेक सोडवावं लागलं. "लय दुखलं का? कवा पडली?"

"त्या आजीचं पानी बंद झालं का?" ती म्हणाली. "तू तिले भिंत धर म्हनला. तवाच मी बी भिंत धरली."

धम्मरत्न उठून पुढच्या दाराकडं गेला. कडी काढली आणि गल्लीत उभा राहून ओरडला, "रंगराव काका!" किती दिवसांनी तो असा पोटातून ओरडला होता. तो आवाज त्याच्या दोन आवाजांपैकी कुठलाच नव्हता.

बुलढाण्याला न्यायला जीप मिळाली. पुढं ड्रायव्हरशेजारी रंगराव, मागं मांडीवर विमलबाईचं डोकं घेऊन जयमाला. दर खड्ड्याला रंगराव आपल्या पूर्ण आवाजात ओरडे, "धीरे घे बे! मानूस हाय आतमंधी, कांदे नाईत!" जयमाला सारखी पदरानं विमलबाईचं तोंड पुसत होती आणि धम्मरत्नकडे न बघता बोलत होती.

"सकाळी मी आलती. दारापावतर आलती. टावेल पाह्यला अन् माघारी गेली. आत ही पडेल होती अन् मी टावेलाले भेली बाप्पा. टावेलाले!"

"टावेलाचं काय चुकलं वं," विमलबाई डोळे मिटून म्हणाली. "तू बोलू नको. तुह्यं तोंड वाजते तं माहं हाड दुखते."

मनगटाचं हाड मोडलं होतं. तेही नेमकं उजव्या हाताचं. "ज्याचा उपयोग नव्हता तोच मोडला," प्लास्टर चढत असताना विमलबाई म्हणाली, "कामाचा शाबूत राह्यला. पडता येते मले." मंजुश्री रोहिणखेडहून येऊन दोन दिवस राहिली आणि रडून गेली.

पुढच्या शुक्रवारी पडद्यावर सगळे चौकोन उजळले. मनाली आज खास आनंदात होती. तिला एक फोन सगळ्यांना ऐकवायचा होता. शांतपणा म्हणजे काय, ग्राहकाला धीर कसा द्यायचा, आणि घरून काम करताना घर कसं असावं, याचं उदाहरण म्हणून.

"धम्मरत्न, तुझाच आहे," ती हसून म्हणाली. "पूर्ण गुण. मागं इतकी शांतता की मला वाटलं तू ऑफिसातूनच बोलतोयस."

आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. आजी, आधी तुम्ही ओल्या फरशीवरून बाजूला व्हा. घाई करू नका. भिंतीला धरा. पडद्यावरची माणसं मान डोलावत होती. मी फोन ठेवत नाही, मी इथंच आहे. धम्मरत्न ऐकत होता. शब्द नव्हे, शब्दांच्या मागची जागा. तुम्ही सावकाश चाला. घसराल. आणि तिथं, त्या पांढऱ्या शांततेच्या तळाशी, मूठ माईकवर यायच्या आधीच्या क्षणात, तो आवाज होता. बारीक. पितळेचा. कुणीही भुवई उचलली नाही. नंतर काहीच नाही. नंतर जे काहीच नव्हतं ते त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. ते त्याच्या आईनं केलेलं होतं.

टाळ्यांची पिवळी चित्रं पडद्यावर तरंगली. आता त्याला पुण्याला कुणी बोलावणार नव्हतं. त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

बैठक संपल्यावर त्यानं मनालीला फोन केला.

"मॅडम, मला फोनवरून काढून चॅटला टाका. लिहिण्याच्या कामाला."

"चॅटला?" मनालीला कळेना. "अरे, ते नवीन मुलांचं काम. तू पाच वर्षांपूर्वी तिथून वर आलास. परत खालच्या ग्रेडला जायचंय? आता तर तुझं सगळं जमलंय."

"हो, जमलंय."

"मग? काही प्रॉब्लेम आहे का घरी? आवाज वगैरे?"

सांगावं असं त्याला वाटलं. मग ते सांगायला जो आवाज लागला असता तो कुठून आणायचा, हे त्याला सुचेना. "आवाज नाही, मॅडम," तो म्हणाला. "आवाज नाही, हाच प्रॉब्लेम आहे. मला दार उघडं ठेवून बसायचंय."

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "पण खाली गेलास की परत वर यायला वेळ लागतो. विचार कर."

"केला."

पुढल्या महिन्यापासून ते काम सुरू झालं. पहिल्या सकाळी रंगरावनं ओट्यावर चढून कडीवरचा टॉवेल काढला, झटकला, खांद्यावर टाकला आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "सीट खाली झाली हो! बसा!" जयमाला चाळण न घेताच आली. शेळी दोन दिवसांत उंबऱ्यापाशी आली आणि टेबलाकडे पाहून, खायला काही नाही हे लक्षात येऊन, परत गेली.

लिहिण्याचं काम काही सोपं नव्हतं. एका वेळी चार-चार माणसं पडद्यावर चिडत. बोलताना माणूस थोडं तरी सांभाळून बोलतो, लिहिताना तेही नाही. धम्मरत्नची बोटं दिवसभर माफी मागत. पाठ दुखे. संध्याकाळी तो पूर्वीइतकाच थकलेला असे. फक्त घसा न वापरलेला राही.

"आता तू त्याइच्याशी बोलत काऊन नाई?" एकदा विमलबाईनं विचारलं.

"लिहितो ना माय."

"मले बरं वाटे," ती म्हणाली. "दिवसभर तुहा आवाज ये. मले वाटे, घरात कोनी हाय."

त्यानं काही तरी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं.

तेव्हापासून तिला एक सवय लागली. ती आतून मधूनच हाक मारी. "धम्मा."

"हो."

"काई नाई."

थोड्या वेळानं पुन्हा. "धम्मा."

"हो, माय."

"काई नाई, कर काम."

कधी कधी तो वैतागे. ऐन घाईत, पडद्यावरच्या चारही खिडक्या लाल झालेल्या असताना, 'काई नाई' ऐकण्यासाठी हो म्हणावं लागलं की त्याच्या दातांत दात बसत. पण तो हो म्हणे. हो म्हणायला दोनपैकी कुठलाही आवाज चालत असे; हळूहळू तो कोणता लागतो याकडं त्याचं लक्ष राहीनासं झालं.

एका दुपारी तो ठाण्याच्या कुणाला तरी लिहीत होता की आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. दाराबाहेर रंगराव कुणाला तरी बसचं वेळापत्रक ओरडून सांगत होता. पंखा खरखरत होता. आतून टकटक सुरू झाली. काठीची चिंधी त्यानं ती पडली त्याच दिवशी कापून टाकली होती. टक, मग पाय ओढल्याचा आवाज, मग टक. तो लिहायचा थांबला आणि ते अंतर कानांनी मोजू लागला. चूल, माठ, चौकट. मधल्या दारात येऊन काठी थांबली.

"चहा मांडू का रे?"

"एका हातानं काय मांडतं? बस तिथं. मीच मांडतो."

"तुहा साहेब रागावन."

"रागावू दे."

त्यानं ठाण्याच्या माणसाला 'कृपया दोन मिनिटं थांबा' असं लिहिलं आणि खुर्ची मागं सारून, कमरेवर हात ठेवत, उठला.